धामच्या पाण्यातलं लोखंड जातं कुठे?

पवनारला धाम नदीवर गेलात तर खिशात एक चुंबक असू द्या. बिघडलेल्या स्पीकरमधला मिळाला तर फारच छान. तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि काठावरच्या कोरड्या रेतीतून दोन-चार वेळा फिरवा. पिशवी विसरू नका, कारण उघड्या चुंबकाला जे चिकटतं ते नंतर सुटता सुटत नाही. आता पिशवीला बाहेरून बघा. काळे, बारीक, चमकणारे कण लागलेले दिसतील. कागदावर धरून चुंबक आतून काढला की सगळे कण टपाटप खाली पडतील. हे मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचं काळं संयुग.

नदीत कुणी खिळे टाकले नव्हते, मग लोखंड आलं कुठून? आपल्या पायाखालच्या खडकातून. वर्धा जिल्ह्याखाली जवळजवळ सगळीकडे बेसॉल्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचले आणि थंड झाले. तोच हा काळा दगड. घराच्या पायात, विहिरीच्या बांधात, शेताच्या धुऱ्यावर, सगळीकडे दिसतो तो. या दगडात लोखंड किती असतं माहीत आहे? १०० किलो बेसॉल्टमध्ये ९ ते १० किलो! पृथ्वीच्या कवचात सरासरी जेवढं लोखंड असतं, त्याच्या जवळपास दुप्पट. शिवाय त्याच १०० किलोमध्ये शे-दीडशे ग्रॅम मँगनीज, दहा-वीस ग्रॅम तांबं आणि दहाएक ग्रॅम जस्तही असतं.

ऊन, पाऊस, झाडांची मुळं आणि हजारो वर्षं मिळाली की हा दगड भुसभुशीत होतो आणि त्याची माती होते. आपली काळी, कसदार, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी माती. या मातीच्या कणाकणावर गंजाचा अतिशय पातळ थर असतो. गंज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचंच दुसरं रूप, लालसर-पिवळं. मातीच्या काळ्या रंगाखाली तो डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. आणि हा गंज मोठा चिकट. तांबं, जस्त, शिसं जे काही पाण्यातून येईल ते तो अंगाला लावून घेतो.

कारंजा, आष्टी, आर्वीकडे संत्र्याच्या बागा आहेत ना? झाडांच्या बुंध्याला निळसर-पांढरा लेप लावलेला तुम्ही पाहिला असेल. तो बोर्डो मलम. मोरचूद आणि चुना कालवून करतात. मोरचुदात तांबं असतं, त्यामुळे बुरशी रोखली जाते. पावसात त्यातलं थोडं थोडं तांबं धुऊन खाली उतरतं आणि मातीच्या त्या गंजाला चिकटून बसतं. कपाशीला घातलेल्या खतातलं जस्तही तसंच. म्हणजे आपल्या मातीत काही धातू दगडातून आलेले, आणि काही माणसांनी आणून घातलेले.

मग जून उजाडतो. पहिल्या दमदार पावसात नाल्याचं पाणी चहाच्या रंगाचं होतं, बघितलंय ना? तो रंग म्हणजे आपली माती, प्रवासाला निघालेली.

चला, तिच्याबरोबर जाऊ या. नकाशा उघडा आणि बोट ठेवत चला. धामचं पाणी वणा नदीत जातं. हिंगणघाट वसलंय ते या वणेच्या काठावर. वणा पुढे वर्धा नदीला मिळते. वर्धा नदी उगम पावते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ, आणि आपल्या जिल्ह्याची पश्चिमेची सीमा होऊन वाहते. पुलगावला रेल्वेच्या पुलावरून दिसते ती हीच. खाली चंद्रपूरकडे गेली की तिला भेटते वैनगंगा. दोघींची मिळून होते प्राणहिता. ११३ किलोमीटर वाहून प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. मग गोदावरी पापिकोंडालूच्या डोंगरांतून वाट काढते, राजमहेंद्रीला रुंद होते, धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापाशी अडते आणि फुटते. १८५२ साली आर्थर कॉटन या इंजिनीअरने तिथे पहिला बंधारा पुरा केला होता. त्या पुढे तिचा एक फाटा गौतमी नावाने यानमवरून जातो, आणि समुद्राला भेटण्याआधी एका जंगलाला पाणी देतो. त्या जंगलाचं नाव कोरिंगा. काकीनाड्याजवळची ही खारफुटी, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या चिखलात वाढणारं जंगल. आंध्र प्रदेशातलं १९७८ सालचं अभयारण्य, २३५ चौरस किलोमीटरचं.

आता एक गंमत सांगतो. महाराष्ट्राला एवढा मोठा समुद्रकिनारा आहे, मुंबईला खाड्या आहेत, कोकणात कांदळवनं, म्हणजे खारफुटीचीच जंगलं आहेत. पण वर्धा जिल्ह्यात पडलेल्या पावसाचा एक थेंबही नदीने तिकडे जात नाही. आपलं सगळं पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागरात. म्हणजे वर्धेच्या मुलांची स्वतःची खारफुटी कुठली विचाराल, तर ती तेलुगू बोलणाऱ्या मुलखात आहे! तिकडे तिला ‘मड अडवी’ म्हणतात.

आणि हे मी नुसतं नकाशावरून म्हणत नाही. गोदावरीच्या मुखासमोर, समुद्राच्या तळातून शास्त्रज्ञांनी गाळाचा लांबलचक उभा गाभा काढला. त्यात निओडिमियम नावाचा एक धातू अगदी किंचित असतो, आणि त्याच्या अणूंचं मिश्रण प्रत्येक प्रकारच्या खडकात वेगवेगळं असतं. दख्खनच्या बेसॉल्टमधलं वेगळं, पूर्वेकडच्या प्राचीन खडकांतलं वेगळं. त्यावरून गाळ कुठल्या खडकाचा ते ओळखता येतं. २०१७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून तिथे दख्खनच्या पठारावरची माती जास्त जास्त येऊ लागल्याचं त्यात दिसलं. तेव्हा पाऊस कमी झाला होता, झाडझाडोरा विरळ झाला होता आणि पठारावर माणसं शेती करू लागली होती. इतक्या जुन्या शेतकऱ्यांच्या रानातली माती समुद्राच्या तळाशी सापडते, याचं मला फार नवल वाटतं.

वाटेत आणखी सोबती मिळतात. वैनगंगा येते बालाघाट आणि भंडाऱ्याच्या बाजूने, आणि तो मुलूख मँगनीजचा. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइड निघतं. टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो तो साधा सेल याच पदार्थावर चालतो. ही काळी भुकटी लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

तर आपली गढूळ माती कोरिंगाच्या जवळ आली. समोरून भरतीचं खारं पाणी आलं. गोडं आणि खारं मिसळलं की काय होतं ते घरी करून बघता येतं. काचेचे दोन ग्लास घ्या. दोन्हींत पाणी आणि अर्धा चमचा काळी माती घालून खूप ढवळा. एका ग्लासात चमचाभर मीठ टाका, पुन्हा ढवळा आणि दोन्ही ग्लास शांत ठेवून द्या. मिठाचं पाणी लवकर नितळ होईल. बिनमिठाचं दुसऱ्या दिवशीही गढूळ राहील. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत पाण्यात तरंगत राहतात. मीठ आलं की तो भार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. नदीमुखाशी अगदी हेच घडतं. पाण्यात अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत आलेलं लोखंडही असंच गोळा होऊन बसतं. शेकडो किलोमीटर पाण्यातून आलेलं लोखंड समुद्राच्या दारात येऊन बहुतेक सगळं खाली उतरतं.

खारफुटीच्या झाडांमध्ये पाणी हळू होतं, म्हणून गाळ तिथे जास्त बसतो. पायाखाली दाट, मऊ, गुडघ्यापर्यंत आत घेणारा चिखल. वरचा थर करडा-तपकिरी असतो. बोट खुपसून बाहेर काढलं तर बोट काळं. आणि वास? सडक्या अंड्याचा! मुलं नाक दाबतात. पण मला विचाराल तर या जंगलातली सगळ्यात भारी गोष्ट तो वासच सांगतो. ती कशी, ते नीट ऐका.

आपण श्वास का घेतो? अन्नातून ऊर्जा काढताना शरीरात इलेक्ट्रॉन नावाचे कण मोकळे होतात, आणि ते शेवटी कुणाला तरी द्यावे लागतात. आपण ते ऑक्सिजनला देतो. चिखलातल्या जिवाणूंनाही हेच करायचं असतं. त्यांचं अन्न म्हणजे कुजलेली पानं, आणि खारफुटीत पानं भरपूर. पण चिखल पाण्याने गच्च भरलेला. त्यात हवा शिरत नाही. वरच्या काही मिलिमीटरमध्येच ऑक्सिजन संपतो. मग खालच्यांनी इलेक्ट्रॉन द्यायचे कुणाला?

इथे आपली माती उपयोगी पडते. आधी नंबर लागतो मँगनीज डायऑक्साइडचा. रिमोटच्या सेलमधली तीच काळी भुकटी! सेलमध्ये जस्त इलेक्ट्रॉन देतं आणि मँगनीज डायऑक्साइड घेतं, म्हणून वीज वाहते. चिखलात जिवाणू देतात आणि मँगनीज डायऑक्साइड घेतं. घेणारा दोन्हीकडे तोच. मँगनीज संपत आलं की मग गंजाची पाळी. जिवाणू चक्क गंजाला इलेक्ट्रॉन देऊन जगतात, म्हणजे गंजाने श्वास घेतात म्हणा ना! १९८७ साली डेरेक लव्हली या अमेरिकन शास्त्रज्ञाला पोटोमॅक नदीच्या चिखलात असा जिवाणू सापडला. पुढे त्याला जिओबॅक्टर हे नाव मिळालं. त्याच्या अंगातून केसाहून हजारो पट बारीक, वीज वाहून नेणारे तंतू बाहेर निघतात, आणि त्यांच्यावाटे तो लांबच्या गंजाच्या कणापर्यंत इलेक्ट्रॉन पोचवतो.

इलेक्ट्रॉन मिळाले की गंज गंज राहत नाही. त्यातलं लोखंड पाण्यात विरघळतं आणि पाणी नितळ दिसतं. हे तुम्ही गावात पाहिलेलंही असेल. काही हापशांचं पाणी उपसताना अगदी स्वच्छ असतं, आणि बादलीत तासभर ठेवलं की वर पिवळसर-लाल साय येते. जमिनीखाली ऑक्सिजन नसतो, म्हणून लोखंड विरघळलेलं असतं. वर हवा लागली की पुन्हा गंज. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला तरी खारफुटीचं निम्मं रसायनशास्त्र आपल्या हापशीपाशी चालू असतं.

गंज सुटला की त्याला चिकटलेले तांबं, जस्त, शिसं यांचाही आधार जातो. तेही चिखलातल्या पाण्यात मोकळे होतात. मग समुद्र हात घालतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजन यांचं संयुग असतं. नदीच्या पाण्यात याच्या मानाने नगण्य. लोखंड संपत आलं की काही जिवाणू या सल्फेटला इलेक्ट्रॉन देतात, आणि त्यातून तयार होतो हायड्रोजन सल्फाइड वायू. तोच तो सडक्या अंड्याचा वास. हा वायू विरघळलेल्या लोखंडाला भेटला की काळा लोह सल्फाइड तयार होतो. बोट काळं झालं ते याच्यामुळे. अजून गंधक मिळालं, वेळ मिळाला, की त्याचं पायराइट बनतं. पायराइट पिवळं, चकचकीत, सोन्याचा भास करणारं खनिज. चिखलातलं पायराइट मात्र इतकं बारीक असतं की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. काही मायक्रॉनचे, शेकडो दाणे गच्च चिकटून झालेले गोल गोळे. आणि मोकळे झालेले तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम, पारा? बहुतेक सगळे सल्फाइडबरोबर किंवा पायराइटच्या पोटात जाऊन अडकतात. संत्र्याच्या बुंध्यावरून धुऊन गेलेल्या मोरचुदातलं तांबं कोरिंगापर्यंत पोचलंच, तर त्याची जागा तिथे.

मँगनीज मात्र निराळं. त्याची सल्फाइडशी फारशी गट्टी जमत नाही. ते विरघळलेलंच राहतं आणि संधीची वाट बघतं. संधी देतो चंद्र.

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरतीला पाणी चिखलाच्या भोकाभोकांत शिरतं, ओहोटीला तेच पाणी चिखलातून पाझरून खाडीत उतरतं. येताना ऑक्सिजन घेऊन येतं, जाताना विरघळलेलं लोखंड आणि मँगनीज घेऊन जातं. खाडीच्या उघड्या पाण्यात लोखंडाला लगेच हवा मिळते. काही मिनिटांतच निम्मं लोखंड गंज होऊन खाली बसायला लागतं. म्हणून ओहोटीला खारफुटीतल्या बारक्या ओहोळांच्या काठावर नारिंगी थर दिसतो. पुढची भरती तो गंज उचलून पुन्हा चिखलावर पसरते, तो हळूहळू गाडला जातो, जिवाणूंना मिळतो, पुन्हा विरघळतो, पुन्हा बाहेर येतो. लोखंडाचा एकच अणू अशी किती वेळा ये-जा करत असेल! मँगनीजला मात्र गंजायला कितीतरी जास्त वेळ लागतो, कधी कधी दिवसच्या दिवस. तोवर ओहोटी त्याला समुद्रात पार दूर नेते. ऑस्ट्रेलियातल्या खारफुटीत शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं, तेव्हा समुद्राला मिळणाऱ्या मँगनीजचा बराच वाटा खारफुटी देत असावी असं त्यांच्या लक्षात आलं.

चिखलात आणखी दोघं जण सारखे लुडबुड करत असतात. एक झाड स्वतः. मुळांना ऑक्सिजन हवा, आणि चिखलात तो नाही. म्हणून तिवर नावाच्या खारफुटीच्या झाडाची मुळं चिखलातून सरळ वर येतात, बोटभर-वीतभर उंच, झाडाभोवती शेकड्यांनी. त्यांच्यावरच्या छिद्रांतून हवा आत जाते आणि खालच्या मुळांपर्यंत पोचते. त्यातला थोडा ऑक्सिजन मुळाच्या त्वचेतून बाहेर पाझरतो. लगेच आजूबाजूच्या विरघळलेल्या लोखंडाचा गंज होतो आणि मुळावर नारिंगी लेप चढतो. काळ्या चिखलातून मूळ उपटून धुतलं तर हा लेप दिसतो. आणि गंज चिकट असतो हे आपल्याला माहीत आहेच. नको असलेले धातू त्या लेपावरच अडकतात, झाडाच्या आत कमी जातात.

दुसरा खेकडा. खारफुटीत खेकडे किती असतात याची कल्पनाच करवत नाही. प्रत्येकाचं बीळ, काहींची बिळं हातभर खोल. बिळातून हवा आणि भरतीचं पाणी थेट त्या काळ्या थरात जातं. तिथलं पायराइट हवा लागून फुटतं, धातू मोकळे होतात. खेकडा खालचा काळा चिखल उकरून वर आणतो, वरची पानं ओढून खाली नेतो. जिवाणूंनी महिनोन् महिने खपून अडकवलेलं तांबं एक खेकडा सकाळच्या फेरीत मोकळं करून टाकतो! मग ते पुन्हा गंजाला चिकटतं नाहीतर पुन्हा सल्फाइडमध्ये जातं. मोठ्या माणसांच्या पुस्तकांत बऱ्याचदा लिहिलेलं असतं की खारफुटी धातू गाळून घेते. ते खरं आहे, पण अर्धंच. ती घेते आणि देतेही. किती घ्यायचं आणि किती द्यायचं हे भरती, पाऊस, झाडाचं वय, खेकड्यांची संख्या यांवर दर दिवशी बदलतं.

समुद्राला हे लोखंड, मँगनीज लागतं का? लागतं तर! पाण्यात डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पती असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण समुद्रातलं गवत म्हणजे त्याच. सूर्यप्रकाशापासून अन्न बनवताना त्यांना लोखंड हवं, आणि पाण्यातून ऑक्सिजन सोडवताना मँगनीज हवं. दोन्ही अगदी कणभर, पण त्यावाचून अडतं. डायटम खाऊन कोळंबीची पिल्लं वाढतात, त्यांना मासे खातात, आणि काकीनाड्याचे कोळी ते मासे पकडतात.

पारा मात्र सांभाळून. चिखलातले जे जिवाणू सल्फेटवर जगतात, त्यांच्यातले काही पाऱ्याचं रूपांतर मिथाइल पाऱ्यात करतात. हा मिथाइल पारा माशांच्या मांसात साठतो, आणि मोठा मासा लहान माशांना खातो तसतसा वाढत जातो. जपानमधल्या मिनामाता गावात एका कारखान्यातून हाच पदार्थ थेट समुद्रात सोडला जात होता. तिथले मासे खाऊन माणसांच्या मेंदूवर परिणाम झाला, मुलं जन्मतःच अपंग झाली. १९५६ साली तो आजार अधिकृतपणे नोंदवला गेला. म्हणून ज्या खाडीच्या काठी खूप कारखाने असतात, तिथल्या खारफुटीच्या गाळात शास्त्रज्ञ सतत धातू मोजत असतात. ठाण्याच्या खाडीत असे अभ्यास झालेत. गोव्यात मांडवी आणि जुवारी नद्यांतून वर्षानुवर्षं लोहखनिजाच्या बार्ज चालायच्या, तिथल्या खारफुटीचा गाळही तपासला गेलाय. १९६६ साली सुरू झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यातच दोनापावलाला आहे, तिथले लोक ही कामं करतात. मुंबईला कुणाकडे सुट्टीत गेलात तर ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र बघा. तिवराची श्वास घेणारी मुळं अगदी जवळून दिसतात.

खारफुटी तोडली आणि चिखल सुकवला तर काय होईल, ओळखा बरं. चिखलात हवा शिरेल. इतकी वर्षं गाडलेलं पायराइट हवा आणि पाणी मिळताच फुटेल. त्यातून गंधकाम्ल तयार होईल, हो, तेच सल्फ्युरिक ॲसिड! आणि आत अडकलेले धातू एकदम मोकळे होतील. हे कल्पनेतलं नाही. केरळच्या कुट्टनाडमध्ये ‘करी’ नावाची काळी माती आहे. फार पूर्वी तिथे समुद्राकाठचं जंगल होतं, अजूनही मातीत त्याची जुनी लाकडं सापडतात. ती माती उन्हाळ्यात सुकली की इतकी आंबट होते की भाताचं पीक होरपळतं. शेतकरी चुना घालून घालून ती ताळ्यावर आणतात. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातही कोळंबीच्या तलावांसाठी खारफुटीची बरीच जागा गेली. तलाव खणणाऱ्यांना पैसा दिसतो, ते मी समजू शकतो. पण तो काळा चिखल जिथे आहे तिथे, पाण्याखाली आणि झाडांखाली राहणंच बरं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक बदल वरच्या बाजूने, म्हणजे आपल्या बाजूने होतोय. सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा, आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा, धामवर महाकाळी, बोरवर बोर धरण. पुढे गोदावरीवर आणखी कितीतरी. धरणात पाणी थांबतं, तसा गाळही थांबतो. आपल्याला पाणी हवंच, ओलितावर कितीतरी घरं चालतात. पण त्या गाळाबरोबर लोखंडही धरणाच्या तळाशी थांबतं. गोदावरीतून समुद्राला मिळणारा गाळ पूर्वीपेक्षा खूप कमी झालाय, आणि मुखाशी काही ठिकाणी समुद्र किनारा कुरतडतोय. कोरिंगाच्या जिवाणूंना ताजा गंज कमी मिळाला तर सल्फाइड बांधायला लोखंड कमी पडेल. मग पारा आणि तांबं यांचं काय होईल? तुमच्यापैकी कुणीतरी मोठं होऊन हे मोजायला तिकडे जावं असं मला वाटतं.

तोवर घरी एक प्रयोग करता येईल. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात शोधलेला. प्लास्टिकची एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या. नदीचा किंवा तलावाचा चिखल आणा, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. त्यात फाडलेलं वर्तमानपत्र मूठभर, एका अंड्याचा पिवळा बलक आणि चमचाभर प्लास्टर ऑफ पॅरिस कालवा. कागद जिवाणूंचं अन्न, प्लास्टर ऑफ पॅरिसमधून सल्फेट. बाटली पाऊण भरा, वर नदीचंच पाणी घाला. एक लोखंडी खिळा बाटलीच्या कडेला लागून, बाहेरून दिसेल असा चिखलात खुपसा. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. हात साबणाने धुवा आणि बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊ नका. खिडकीत, थेट ऊन लागणार नाही पण उजेड येईल अशा जागी ठेवून द्या.

काही आठवड्यांत खालचा चिखल काळा पडू लागेल, खिळ्याभोवती तर गडद. पाण्याजवळचा वरचा थर तपकिरीच राहील. काळा आणि तपकिरी जिथे भेटतात त्या रेषेवर बाहेरून पेनने खूण करा आणि तारीख घाला. दर रविवारी नवी खूण. पवनारच्या मुलांनी धामचा चिखल घ्यावा, हिंगणघाटच्यांनी वणेचा, पुलगावच्यांनी वर्धेचा, सेलूच्यांनी बोरचा. एकाने खिळा न घालता बाटली लावावी, म्हणजे खिळ्याने काय फरक पडतो ते कळेल. रेषा वर सरकते की खाली, आणि कुणाच्या बाटलीत लवकर, ते वहीत लिहून ठेवा.